टिटवीचं ‘हो’

रविवार, ६ जानेवारी

उद्यापासून शाळा! दप्तर भरलं, रिकामं केलं, परत भरलं. टिटवी पलंगावर मांडी घालून बघत होती. शेवटी म्हणाली, "आई, तूच जा ना शाळेत. तुझी तयारी झालीय." सहा वर्षांची जीभ ही!

पण पांघरुणात शिरल्यावर आवाज बारीक झाला. "बाई काय बोलतात ते कळलं नाही तर?"

मी म्हटलं, "तर हो म्हण. हो म्हटलं की कुणी रागवत नाही. मीसुद्धा कामावर तेच करते."

इथल्या भाषेतलं ‘हो’ छोटंसं आहे, तोंडात पटकन बसतं. तिनं ते म्हणून बघितलं. मान हलवून, डोळे मोठे करून, परत एकदा. तिचा बाबा दारात उभा होता. म्हणाला, "वा! नन्नाच्या पाढ्याला हो म्हणायला शिकवलंस? तुझा सत्कार केला पाहिजे."

खरंच आहे. हिला घरी कशालाच हो म्हणायचं माहीत नाही. अंघोळ? नाही. भोपळा? नाही. झोप? नाहीच नाही. सासूबाई म्हणायच्या, ही पोर जन्मल्याबरोबर जे पहिलं रडली ना, तेसुद्धा ‘नाही’ म्हणायलाच. टिटवी हे नावही त्यांचंच. तान्ही असल्यापासून त्यांनीच सांभाळलं हिला — मी सकाळी बाहेर पडायचे ती दिवेलागणीला यायचे. आम्ही निघालो त्या दिवशी आजीच्या पदराची गाठ हिच्या मुठीतून एकेक बोट उलगडून सोडवावी लागली. ते नको आठवायला आज.

सोमवार, ७ जानेवारी

आज कामावर रजा. वर्गाच्या दारापर्यंत गेले. बोट सोडेना. मग बाई आल्या — उंच, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली — त्यांनी काहीतरी विचारलं. टिटवीनं मान हलवली, "हो" म्हणाली, माझं बोट सोडलं आणि आत गेली. इतकं सोपं! मी दारात तशीच उभी, रिकामा हात घेऊन.

दुपारी आणायला गेले तेव्हा पेन्सिलवाल्या बाई बरंच बोलल्या. निम्मं कळलं. उरलेल्या निम्म्याला मी हो म्हटलं. पण एवढं नक्की कळलं — गुणी आहे, त्रास देत नाही, सगळ्याला हो म्हणते.

येताना माझी कॉलर ताठ!

मंगळवार, ८ जानेवारी

दप्तरात निळा हातमोजा. एकच.

"कुणाचा गं?" — "माहीत नाही." — "मग आणलास कशाला?" — "बाईंनी दिला."

गुरुवार, १० जानेवारी

मोजा काल धुऊन परत पाठवला होता. आज परत आला! सोबत एक हिरवी पाण्याची बाटली आणि कानटोपी. बाबा हसून लोळला. "पोरगी कमावती झाली! तू नोकरी सोड."

मी नोकरी सोडू शकत नाही हे त्यालाही माहीत आहे.

शिवणखोलीत आज दम निघाला. इस्पितळाच्या धुलाईखान्याच्या मागे आहे ती खोली, खिडकी नाही. काचेच्या टेबलावर चादर पसरायची, खालून दिवा लागतो, म्हणजे भोकं ताऱ्यांसारखी दिसतात. प्रत्येकावर गोल ठिगळ ठेवायचं, गरम प्रेसखाली दाबायचं, घडी, पुढची. मग रुग्णांच्या झग्यांचे तुटलेले बंद. बंदांचा डोंगर! मुकादम बाई येतात आणि विचारतात — शनिवारी येशील? हो. ओले गठ्ठे तू उचलशील? हो. त्या खूश.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक वयस्कर बाई बसते, तीही कुठूनतरी लांबून इथे आलेली, तिच्या भाषेत सारखं गुणगुणत असते. मनात तिचं नाव मी गुणगुणी ठेवलंय. आज ती माझ्याकडे बघून इथल्या भाषेत काहीतरी म्हणाली. मी नेहमीप्रमाणे हो म्हटलं. ती खो खो हसली. घरी येताना रस्त्यात अर्थ लागला — "तुला घरदार नाही वाटतं?"

मी म्हटलं होतं — हो!

मलाही हसू आलं. रस्त्यात एकटीच हसले. मग थांबलं हसू.

शुक्रवार, ११ जानेवारी



शाळेच्या फाटकाशी टिटवी माझ्याकडे पळत आली, अंगात एक मरून रंगाचा स्वेटर. कोपरावर विरलेला, हिचा नाहीच. मी "हे काय?" म्हणेपर्यंत लांब कोट घातलेली एक बाई मध्ये आली, तिच्यामागे तिचा मुलगा. टिटवीसमोर वाकली. आवाज चढवला नाही. हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

टिटवी म्हणाली, "हो."

त्या बाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिथं उभ्या बाकीच्या आयांनीही. मी हसले! काय कळलं होतं मला? आपलं बरं चाललंय असं वाटून मी हसले, आणि ‘हो हो’ म्हटलं वर.

अर्ध्या रस्त्यात तो शब्द डोक्यात उजळला. घेणे. उचलणे. "तू हे उचललंस ना?" असं विचारलं होतं तिनं.

आणि आम्ही मायलेकी हो म्हणालो.

रविवार, १३ जानेवारी

टिटवीनं भोपळा खाल्ला. पहिल्या वाढणीला. "अजून वाढू?" — "हो." अजून वाढला. तोही खाल्ला. डोळ्यांत पाणी येत होतं तिच्या, गिळताना मान पुढे जात होती.

बाबा म्हणाला, "शहाणं झालं माझं पिल्लू." अंघोळ? हो. झोपायचं? हो. घर कसं शांत झालंय.

मला ही शांतता आवडत नाहीय. एखाद्या मशीनचा नेहमीचा खडखड आवाज अचानक बंद व्हावा ना — तसं. आपण हात थांबवून बघतो, काय तुटलं?

आजीचा व्हिडिओ कॉल. "काय गं टिटवे, एकदा नाही म्हण की, कान आसुसले माझे!" टिटवी नुसती हसली. ती आत गेल्यावर आजी मला म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही हिला? मुकी बिचारी कुणीही हाका, असं झालंय पोरीचं."

मी म्हटलं, "रुळतेय हो, आई."

बुधवार, १६ जानेवारी

कामावर फोन आला. शाळेतून! माझ्या हातातून प्रेसची मूठ सुटली. फोनवर फक्त "या" एवढं कळलं. पडली? लागलं? रस्ताभर मी काय काय बघितलं मनात, ते इथे लिहिणार नाही.

टिटवी धड होती. मोठ्या बाईंच्या खोलीत, खुर्चीवर, पाय अधांतरी. बाबाही पोचला, अंगावर त्याचा शीतगृहातला जाड कोट तसाच. त्याला भाषा माझ्यापेक्षा बरी येते. तोच सांगत गेला, मी ऐकत गेले. मधल्या सुट्टीत एक मुलगा लोखंडी जाळीवरून खाली पडला, मनगट मोडलं. तोच, मरून स्वेटरवाला. कुणीतरी म्हणालं, ढकललं. मोठ्या बाईंनी टिटवीला विचारलं — तू ढकललंस? हो. मुद्दाम? हो.

"तिनं स्वतः कबूल केलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या बोलायला. थकल्यासारख्या होत्या. चौकशी पुरी होईपर्यंत टिटवीनं मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही, वर्गातच बसायचं. आणि पुढचं पुढे बघू. ‘पुढचं पुढे’ म्हणजे काय ते बाबानंही विचारलं नाही, मीही नाही.

घरी आलो. संध्याकाळी बाबा म्हणाला, "माझ्या कामावरचा तो रंगारी आहे ना, बायकामुलांसकट परत चाललाय महिनाअखेरीला. त्यांच्यासोबत पाठवू हिला. आजीकडे. वर्षभर. आपलं बस्तान बसेपर्यंत."

"पाठवू म्हणजे? पार्सल आहे का ती?"

"मग काय करू? रोज काचेच्या दारातून बघतो मी, सोडल्यावर. एकटी उभी असते भिंतीला टेकून. तू बघितलं नाहीस ते."

नाही बघितलं. सकाळी मी कामावर असते.

"तिला विचारलंस का?" मी म्हटलं. वाटलं, इथे हा अडकेल.

त्यानं हाक मारली. मांडीवर घेतलं. "टिटवे, आजीकडे जायचं राहायला?"

"हो."

"आई-बाबांना सोडून?"

"हो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. जिंकल्याचा चेहरा नव्हता तो. चष्मा काढून पुसत राहिला, काच कोरडी होती तरी.

सोमवारी सकाळपर्यंत त्या रंगाऱ्याला कळवायचंय. तो तिकिटं काढणार.

गुरुवार, १७ जानेवारी

कळलं! आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटतंय.

दुपारी तिला शाळेतून आणलं, दूध दिलं, समोर बसवलं. म्हटलं रागवायचं नाही, फक्त विचारायचं.

"तू ढकललंस त्याला?" — "हो."

"उजव्या हातानं?" — "हो."

माझ्या मनात काहीतरी लुकलुकलं. चादरीखालचा दिवा लागतो तसं.

"की डाव्या?" — "हो."

"की पायानं?" — "हो."

"टिटवे, की तिकडून एक हत्ती आला आणि त्यानं ढकललं?"

"हो," ती म्हणाली. एकदम गंभीर. दुधाची मिशी तशीच.

मी तिला ओढून घेतलं. तर ती माझ्या खांद्यात बोलली, "तूच म्हणालीस ना, हो म्हटलं की कुणी रागवत नाही? पण आई, रागावले."

तूच म्हणालीस ना.

सगळं उलगडत गेलं मग. बाई वर्गात सापडलेला मोजा वर धरून विचारतात, कुणाचा? कुणी बोलत नाही. हिला विचारतात, तुझा? हो. बाटली तुझी? हो. स्वेटर? हो. तिच्या अंगात घातलासुद्धा कुणीतरी मायेनं! आणि तिची रंगाची पेटी हरवली म्हणून मी ओरडले होते ना परवा — ती हरवली नव्हती. कुणीतरी म्हटलं, मी घेऊ? हो.

गुणी म्हणे. कॉलर ताठ म्हणे!

बाबाला सांगितलं. तो खुर्चीत बसूनच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आजीकडे जायचंय ते हो पण खोटं?"

"तसंच असणार."

"असणार की आहे?"

माहीत नाही. तेच तर. इथल्या भाषेतलं हो आता मराठीतही आलंय, भोपळ्यापर्यंत, हत्तीपर्यंत. तिला खरंच काय हवंय हे विचारायची जी एकच वाट होती, ती मीच बुजवून टाकलीय.

"मग सोमवारी काय सांगू त्याला?" बाबा म्हणाला.

शुक्रवार, १८ जानेवारी

मुकादम बाई सकाळीच आल्या. आज संध्याकाळपर्यंत थांबशील? सोमवारी लवकर येशील?

तोंड आपोआप उघडलं ‘हो’ला. बंद केलं. मग म्हटलं — "नाही."

एवढासा शब्द. मुकादम बाईंना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी हळू आवाजात परत विचारलं, हातानं घड्याळ दाखवून. मी परत म्हटलं, नाही. मुलगी. शाळा. आज मी लवकर जाणार. सोमवारी उशिरा येणार. त्या बघत राहिल्या. गुणगुणीचं मशीन थांबलेलं. मग मुकादम बाई खांदे उडवून गेल्या! एवढंच! आभाळ कोसळलं नाही. गुणगुणी मशीन चालू करता करता म्हणाली, "सापडलं वाटतं घर."

शाळेत गेले. सगळ्या वस्तू धुऊन, इस्त्री करून पिशवीत. स्वेटरचं विरलेलं कोपर रफू केलं होतं मी, आतून, दिसणारसुद्धा नाही. पेन्सिलवाल्या बाईंना सांगायला लागले तर शब्दच नाहीत! माझं व्याकरण म्हणजे तुटक्या बंदांचा डोंगर. शेवटी टिटवीला बोलावलं. त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत विचारलं,

"तू मासा आहेस?"

"हो."

बाई हसल्या.

"तू म्हातारी आहेस? तुला शंभर नातवंडं आहेत?"

"हो."

बाईंचं हसू गेलं. अंबाड्यातली पेन्सिल काढली त्यांनी, उगीचच, हातात धरून बसल्या. मग उठल्या आणि त्या मुलाला घेऊन आल्या. मनगट प्लास्टरमध्ये, त्यावर सगळ्यांनी चित्रं काढलेली. त्याला अजून कुणी नीट विचारलंच नव्हतं. हिचं ‘हो’ मिळाल्यावर त्याला काय विचारायचं? तो म्हणाला, पाय सटकला. ती? ती तर लांब होती. घंटेपाशी उभी होती. ती रोज तिथेच असते.

कोणती घंटा? बाईंनी दाखवली. दाराजवळच्या फळीवर एक पितळी घंटा, लाकडी दांड्याची. सुट्टी संपली की एक मूल ती वाजवतं, रोज नव्या मुलाचा नंबर. मागच्या आठवड्यात टिटवीचा नंबर आला होता. एका मुलीनं विचारलं, मी वाजवू? हिनं हो म्हटलं, घंटा दिली.

"सोमवारी परत तिचा नंबर लावते," बाई म्हणाल्या. "आता सुट्टीत बाहेर येऊ दे तिला. मोठ्या बाईंशी मी बोलते." एवढं मला पूर्ण कळलं. एकेक शब्द.

फाटकाशी लांब कोटवाली होती. मी स्वेटर पुढे केला. तिनं घेतला, उलटसुलट केला, कोपरावर अंगठा फिरवला. काही बोलली नाही. पण चालायला लागल्यावर एकदा मागे वळून बघितलं.

ते एक मिटलं. सोमवार मिटलेला नाही. उलट आता जास्त भीती वाटतेय.

शनिवार, १९ जानेवारी

‘नाही’ची शिकवणी. कुणी ऐकलं तर हसेल! जी पोर वर्षानुवर्षं दुसरं काही बोलली नाही, तिला आम्ही दोघं ‘नाही’ म्हणायला शिकवतोय.

बाबा म्हणाला, "टिटवे, माझं नाक कापून विकू?"

"हो!" आणि खिदळली.

"आईला गाढवावर बसवू?"

"हो!" जास्तच खिदळली. चला, निदान ही दोन ‘हो’ खरी असावीत.

मग मी स्वयंपाकघरातून वाटी आणि चमचा आणला. "ही घंटा. आज तुझा नंबर." तिनं वाजवली, हलकेच. बाबा गुडघ्यांवर रांगत आला, लहान मुलगा होऊन. "मी वाजवू? मला दे ना."

दिली.

परत. "मला दे ना." — दिली.

परत. या वेळी मी बघितलं, बोटं आवळली होती तिची चमच्यावर. नखं पांढरी झाली. बाबानं हळूच ओढला चमचा — सुटला.

चौथ्यांदा, पाचव्यांदा. मला राहवलं नाही. "अगं नाही म्हण ना! तोंड आहे ना तुला? नाही म्हण!" घर दणाणलं माझ्या आवाजानं.

ती माझ्याकडे बघत मागे सरकली, भिंतीपर्यंत.

म्हणाली, "हो."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. बाबा दाराबाहेरून म्हणाला, "अगं, तू तिला नाही म्हण म्हणतेस, तिनं हो म्हटलं. बरोबरच आहे की तिचं." तो हसवत होता मला. मला हसता आलं नाही.

रविवार, २० जानेवारी

आजींचा फोन. पाठवायचं बाबानं त्यांच्या कानावर घातलं होतं. टिटवी खाली खेळायला गेली होती बाबाबरोबर. मी एकटी सापडले.

"मी तिच्या गादीला नवा अभ्रा घातलाय," आजी म्हणाल्या. "पाठव गं. थकले असले तरी हिच्यापुरती आहे मी अजून."

"आई, ती हो म्हणतेय पण ते हो खरं आहे की नाही ते कळत नाहीय." सगळं सांगितलं. मोजा, स्वेटर, हत्ती, वाटी-चमचा.

आजी म्हणाल्या, "तुम्ही जायचं ठरवलंत तेव्हा मला विचारलंत. आई, जाऊ ना? आठवतं? मीही हो म्हटलंच होतं की."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"ते असू दे," त्याच म्हणाल्या. "मी म्हातारी, माझं हो पचतं मला. पोरीचं बघ."

दुपारभर ते वाक्य घरात फिरतंय माझ्याबरोबर. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. आणि त्याच्यामागून दुसरं एक आलंय. मी या पोरीला ‘नाही’ शिकवतेय ते कुणासाठी? तिनं शाळेत तग धरावा म्हणून? की तिनं आजीकडे जायला नाही म्हणावं, आणि तेही नेमकं उद्याच म्हणावं, म्हणून? तिनं खरं बोलावं असं मला वाटतंय, की मला हवं ते बोलावं? आणि तिचं ते हो खरंच असलं तर? आजीच्या पदराची गाठ मीच सोडवली होती तिच्या मुठीतून. तेव्हा तिनं केवढ्यानं ‘नाही’ म्हटलं होतं. ते तरी कुठे ऐकलं आम्ही.

बाबा आला तेव्हा सांगितलं — उद्या सकाळी एकदाच विचारायचं. तू विचार, मी मध्ये बोलणार नाही. डोळे मोठे करायचे नाहीत, गोड बोलायचं नाही. ती जे म्हणेल ते. हो म्हणाली तर हो.

"नक्की?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. खरं की खोटं, माझं मलाच माहीत नाही.

सोमवार, २१ जानेवारी

बाबानं विचारलं, तिच्या बुटाची नाडी बांधताना. वर न बघता. फोन शेजारी उलटा ठेवलेला.

"टिटवे, आजीकडे जायचं?"

"हो."

"खरं हो, की शाळेतलं हो?"

विचार केला तिनं. "खरं. मला आजी पाहिजे."

डबा माझ्या हातात तसाच. झाकण लागेना.

"बरं," बाबा म्हणाला. फोन उचलला. "मग कळवतो त्या काकांना. त्यांच्याबरोबर जा."

"नाही!"

वाटीतला चमचा उडाला की काय असं वाटलं मला.

"त्यांच्याबरोबर नाही. आपण सगळे जायचं. आणि आज नाही. आज घंटेला माझा नंबर आहे." मग खाली वाकून बघितलं. "आणि बाबा, किती घट्ट बांधलीस. सोड. माझी मी बांधते."